अंदाजांची उतरंड

आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सव मंडळाची बैठक दरवर्षी आषाढात होते आणि दरवर्षी अंदाजपत्रक उलट्या बाजूने लिहिलं जातं. आधी खर्च ठरतो. मांडव, मूर्ती, दहा दिवसांचा प्रसाद, मुलांची बक्षिसं, पुण्याहून बोलवायचा एखादा गायक. बेरीज झाली की खजिनदार वहीचं जमेचं पान उघडतो. वर्गणीचा आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो, तो काही फारसा हलत नाही. मग जेवढा खड्डा उरतो तेवढी रक्कम ‘इतर देणग्या’ या ओळीत लिहून टाकायची, दोन्ही पानांच्या बेरजा जुळल्या की चहा. इंदूरच्या एका सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेत तेहतीस वर्षं काढल्यामुळे ही ओळ मला लांबून ओळखू येते.

गेल्या वर्षी त्या ओळीतला मोठा हिस्सा एका कंत्राटदाराच्या शब्दावर होता. माणूस आपल्यातला, शब्दाचा पक्का. चतुर्थी आठवड्यावर आली तरी पैसे येईनात म्हणून मी आणि खजिनदार त्याच्याकडे गेलो. त्याने चहा मागवला आणि मोबाइलवर एका बिलाचा फोटो दाखवला. जवळच्या एका छोट्या गावात पाण्याच्या टाकीचं काम त्याने पुरं केलेलं होतं. एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीत, नोंद झालेली, बिल तपासलेलं, तीन सह्या पडलेल्या, आणि कोपऱ्यात लाल शाईत एक शेरा: ‘आवंटन नाही’, म्हणजे निधी मिळालेला नाही. गावातली संस्था म्हणते राज्याचा हप्ता आला की देऊ. राज्याकडे विचारलं तर केंद्राचा हिस्सा यायचाय. ‘काका, माझे त्यात अडकलेत, तुमचे माझ्यात,’ तो म्हणाला. आमचा गायक रद्द झाला. कॉलनीतल्या मुलांनीच गाणी म्हटली. ती बरी झाली, पण तो वेगळा विषय.

तिथून परतताना माझ्या मनात जे घोळत होतं ते या लेखात मांडायचं आहे. संघराज्यात वरच्याने अंदाज म्हणून लिहिलेला आकडा खालचा उत्पन्न म्हणून उतरवून घेतो. दिल्ली आपल्या करवसुलीचा अंदाज करते, भोपाळ त्यातला आपला वाटा जमेला धरतं, गावची नगरपरिषद भोपाळचा हप्ता जमेला धरते आणि कंत्राटदार नगरपरिषदेचं बिल. वरचं मडकं सरकलं की खाली कोण आहे हे ते बघत नाही.

आपल्याकडे ‘अंदाजपत्रक’ हा शब्द प्रामाणिक होता. अंदाज आहे, चुकेल, असं तो स्वतःच सांगायचा. आता सगळीकडे ‘अर्थसंकल्प’. हातात पाणी घेऊन सोडल्यासारखा शब्द. संकल्प सोडला की सिद्धी झालीच असं वाटायला लावणारा. इकडे आम्ही बोलताना दोन्ही सोडून सरळ बजट म्हणतो.

२०१९-२० या एका वर्षाचं उदाहरण घेऊ, कारण त्यात करोनाची सबब नाही. साथ आली तेव्हा वर्षाचे मोजके दिवस उरले होते. त्या वर्षी राज्यांना केंद्रीय करांतून किती मिळणार याचे चार आकडे छापले गेले. फेब्रुवारीच्या अंतरिम अर्थसंकल्पात सुमारे ८ लाख ४४ हजार कोटी. निवडणुकीनंतर जुलैत ८ लाख ९ हजार कोटी. पुढच्या फेब्रुवारीत सुधारित अंदाज ६ लाख ५६ हजार कोटी. आणि प्रत्यक्षात गेले सुमारे ६ लाख ५१ हजार कोटी, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षाही एक लाख कोटींहून अधिक कमी. कारणं उघड आहेत. एकूण करवसुली २४ लाख ६१ हजार कोटी होईल असं धरलं होतं, झाली २० लाख १० हजार कोटी. त्यात सप्टेंबरमध्ये कंपनी कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला. तो निर्णय चांगला की वाईट यावर दोन मतं असू शकतात. पण त्या कराच्या प्रत्येक रुपयात राज्यांचा वाटा होता आणि कपात मात्र दिल्लीने एकटीने केली, राज्यांची बजटं मंजूर होऊन गेल्यावर.

राज्यांच्या या रकमेत मध्य प्रदेशाचा वाटा तेव्हा ७.५४८ टक्के होता. जुलैच्या आकड्याने हिशेब केला तर ६१ हजार कोटी यायला हवे होते, प्रत्यक्षाच्या हिशेबाने ४९ हजार कोटी होतात. बारा हजार कोटींचा फरक. वरच्या मजल्यावर त्याला ‘सुधारणा’ म्हणतात आणि तो एका कोष्टकात मावतो. आमच्या टेबलावर तो वेगळ्या रूपात यायचा. जानेवारीत एक पत्र येतं की अमुक हेडखाली चौथ्या तिमाहीची रक्कम मिळणार नाही. पगार, पेन्शन, व्याज यांना हात लावता येत नाही. मग उरतं काय? इमारतींची दुरुस्ती, औषधं, रस्त्याचं डांबर, हातपंपाचे सुटे भाग. कात्री लागते ती तिथे.

आणि ज्या वर्षी असं पत्र येतं त्याच वर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकदम पैसे येतात, हाही अनुभव. ३१ मार्चच्या रात्री कोषालयाबाहेर उभं राहिलेल्याला बजट म्हणजे काय ते कोणी शिकवायला नको. बाबू लोक बिलांचे गठ्ठे छातीशी धरून उभे, कोणाचा सर्व्हर चालत नाही, कोणाच्या साहेबांची डिजिटल सही राहिलेली, बाहेर पोह्यांच्या ठेल्यावर रात्री अकराला गर्दी. बारा वाजले की पैसा लॅप्स. मी स्वतः एकदा खुर्च्यांचं बिल काढलं आहे. ज्या खुर्च्यांची गरज नव्हती त्यांचं. खुर्च्यांचे पैसे आले होते, छताच्या गळतीचे नव्हते. पावसाळ्यात त्या नव्या खुर्च्यांवर पाणी गळत होतं.

जमेचा आकडा फुगवण्यामागे निव्वळ आळस किंवा आशावाद नसतो. राज्याला तूट साधारण राज्य उत्पन्नाच्या तीन टक्क्यांत दाखवावी लागते, आणि केंद्राचं देणं शिल्लक असलेल्या राज्याला घटनेच्या २९३ व्या कलमानुसार केंद्राच्या संमतीशिवाय कर्ज काढता येत नाही. खर्चाच्या घोषणा आधीच झालेल्या असतात. राज्याची लाडली बहना योजना घ्या. जून २०२३ मध्ये महिना हजार रुपयांनी सुरू झाली, निवडणुकीच्या आधीच साडेबाराशे झाले, पुढे दीड हजार. सव्वा कोटीच्या वर बायका. साडेबाराशेच्या दराने गुणाकार केला तरी वर्षाला १९ हजार कोटींच्या आसपास जातो. मी या योजनेच्या विरुद्ध नाही. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईच्या खात्यात तो पैसा येतो आणि ती त्यातून गॅस भरते, हे डोळ्यांनी बघतो. पण खर्च असा पक्का, तुटीची मर्यादा पक्की, तर या दोघांमध्ये वाकवायला जागा कुठे? जमेच्या अंदाजातच. ‘इतर देणग्या’.

मध्य प्रदेशाचं २०२५-२६ चं बजट ४ लाख २१ हजार कोटींचं होतं आणि डोक्यावरचं कर्ज साधारण तेवढंच. त्यात केंद्रीय करांतला वाटा १ लाख ११ हजार ६६२ कोटी दाखवला होता. हा आकडा भोपाळमध्ये कोणी अभ्यास करून काढलेला नाही. केंद्राने सगळ्या राज्यांसाठी मिळून १४ लाख २२ हजार ४४४ कोटी धरले, त्याचे ७.८५ टक्के करा, तोच येतो. राज्याच्या जमेतली एवढी मोठी रक्कम सरळ खाली उतरवून घेतलेली. पर्याय नाही हे मान्य, पण मग अधिवेशनात ‘आमच्या सरकारचं विक्रमी बजट’ म्हणून बाकं वाजवायची कशासाठी?

पुण्याचा माझा भाचा या टक्केवारीवरून मला दर दिवाळीला छेडतो. ‘मामा, आमच्या पैशांवर तुमचं इंदूर स्वच्छ!’ त्याच्या बोलण्यात तथ्य नाही असं नाही. केंद्रीय करांची वाटणी ठरवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने महाराष्ट्राला ६.३१७ टक्के दिले आणि मध्य प्रदेशाला ७.८५०. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींचा, आम्ही सव्वासात कोटींचे. त्याच्या सूत्रात ४५ टक्के भार एकट्या उत्पन्नातल्या अंतराला होता, म्हणजे जो जितका मागे त्याला तितकं जास्त. कर गोळा करण्याच्या मेहनतीला फक्त अडीच टक्के. मी त्याला इंदूरजवळच्या पीथमपूर या कारखान्यांच्या गावाचं सांगतो. कारखाना इकडे, धूर इकडे, पाणी इकडचं, आणि मुख्य कचेरी मुंबईला किंवा पुण्याला असल्यामुळे कंपनी कर भरला जातो तिकडे. तो भरला कुठे यावरून तो कमावला कुठे हे ठरत नाही. भाचा म्हणतो, ‘मग आकडे दाखवा.’ तिथे दोघांनाही चिवड्याकडे वळावं लागतं.

पण मला वाटतं आमचं हे भांडण म्हणजे ताटाभोवतीचं भांडण आहे, आणि तोवर भांडं आत उचलून नेलेलं असतं. १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा काळ सुरू झाला, त्याच्या टक्क्यांवर आता पाच वर्षं वाद होतील. चौदाव्या आयोगाने राज्यांचा वाटा ३२ टक्क्यांवरून ४२ वर नेला तेव्हा मोठं कौतुक झालं. पंधराव्याने जम्मू-काश्मीरची पुनर्रचना झाल्यामुळे तो ४१ केला. हे टक्के वाटपाच्या राशीचे, म्हणजे केंद्राने राज्यांशी वाटून घ्यायच्या करांचे आहेत. उपकर आणि अधिभार त्या राशीत येतच नाहीत. घटनेच्या २७० व्या कलमानेच ते वेगळे ठेवलेत. २०११-१२ च्या सुमारास केंद्राच्या एकूण करवसुलीत त्यांचा हिस्सा दहा टक्क्यांच्या घरात होता, २०२०-२१ पर्यंत तो विसाच्या घरात गेला.

पेट्रोल पंपावर हे स्वच्छ दिसतं. फेब्रुवारी २०२१ नंतर एका लिटर पेट्रोलवर केंद्राचा एकूण कर ३२ रुपये ९० पैसे होता. त्यातलं मूळ उत्पादन शुल्क १ रुपया ४० पैसे. बाकी सगळं विशेष अतिरिक्त शुल्क, रस्ते उपकर, कृषी उपकर. वाटणी फक्त त्या १ रुपया ४० पैशांची. त्याचे ४१ टक्के म्हणजे ५७ पैसे सगळ्या राज्यांना मिळून, आणि त्यातून मध्य प्रदेशाला साडेचार पैसे. रस्ते उपकरातला काही भाग राज्यांच्या रस्त्यांसाठी परत येतो हे खरं, पण तो हक्क म्हणून येत नाही, मंजुरी म्हणून येतो. आणि हेही सांगायला हवं की राज्याने त्याच लिटरवर स्वतःचा भारी व्हॅट लावला होता, त्यामुळे साळसूदपणाचा आव आणायला भोपाळलाही जागा नव्हती.

मराठी माणसाला हे नवीन वाटायचं कारण नाही. १७१९ ला बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, त्यांची वाटणी बघा. चौथाईतला पाव हिस्सा राजबाबती म्हणून छत्रपतींना, सहा टक्के साहोत्रा, तीन टक्के नाडगौडा, उरलेले ६६ टक्के मोकासा म्हणून सरदारांना. सरदेशमुखी मात्र छत्रपतींचं वतन. ती या वाटणीच्या बाहेर. हा आजचा उपकरच झाला. आणि चौथाई धरली जायची ती जुन्या आकारणीवर. मुलूख लढायांनी उजाड झालेला असला तरी कागदावरचा आकार तोच. त्या आकाराच्या आणि प्रत्यक्ष वसुलाच्या मधल्या दरीत सरदारांची आपसांतली कितीतरी भांडणं आहेत. माळव्यात होळकर, शिंदे, पवार एकाच परगण्यातून आपापले हिस्से काढायला बसले, तेव्हा रयतेच्या लेखी अजमास आणि वसूल यांत फरक उरला नसेल.

होळकरांचं नाव निघालंच आहे तर अजून एक. दुसऱ्या तुकोजीरावांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं, साडेचार टक्के व्याजाने. आज केंद्र राज्यांना भांडवली कामांसाठी पन्नास वर्षांचं बिनव्याजी कर्ज देतं, त्यातला बराच भाग अटी घालून, आणि राज्यं आभार मानतात. वाट्याचा पैसा आणि उसना पैसा यांत फरक असतो हे तुकोजीरावांना पक्कं ठाऊक होतं.

आता थोडं जकातीबद्दल, कारण या विषयाची खरी नस तिथे आहे असं मला वाटतं. इकडे तिला चुंगी म्हणत. शहराच्या वेशीवर नाका, ट्रकांची रांग, पावतीपुस्तक आणि पावतीशिवायचा व्यवहार. नाके उठले याचं मला दुःख नाही. मध्य प्रदेशात ते १९७६ ला उठले आणि त्याजागी राज्याने प्रवेश कर लावला. शहरांना सांगितलं, तुमचं उत्पन्न गेलं, त्याची भरपाई आम्ही देऊ. तिचं नाव चुंगी क्षतिपूर्ती. पुढे २०१७ ला प्रवेश करही जीएसटीत विरून गेला. चुंगी आणि ती बदलून आलेला कर, दोन्ही मेले, पण क्षतिपूर्ती आजही दर महिन्याला नगरपालिकांच्या जमेत लिहिली जाते आणि कितीतरी छोट्या गावांत सफाई कामगारांचा पगार तिच्यावर चालतो. ती पूर्ण हाती येतेच असं नाही. वीजबिलाची थकबाकी, कर्जाचे हप्ते वरच्यावर कापून उरलेली येते. ज्या गावाच्या वेशीवर एके काळी स्वतःचा नाका होता, ते आता महिना अखेरीस भोपाळला फोन करून विचारतं, ‘आली का?’

जे राज्याने शहरांचं केलं तेच एकेचाळीस वर्षांनी राज्यांचं झालं. १ जुलै २०१७ ला राज्यांनी व्हॅटसकट आपले बहुतेक अप्रत्यक्ष कर सोडले. मोबदल्यात हमी मिळाली: २०१५-१६ हे पायाभूत वर्ष धरून पाच वर्षं दरसाल १४ टक्के वाढ, कमी पडेल ते केंद्र भरून देईल. चौदा टक्के! कोणत्या राज्याच्या महसुलाची वाढ इतकी नेमाने होत होती? तो आकडा राज्यांना राजी करण्यासाठी होता आणि तो अवास्तव आहे हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही कळत होतं. २०२० ला साथ आली, भरपाईच्या उपकरात खडखडाट झाला, आणि ही दैवी करणी आहे असं दिल्लीतून ऐकू आलं. शेवटी २०२०-२१ साठी १ लाख १० हजार कोटी आणि पुढच्या वर्षी १ लाख ५९ हजार कोटी कर्ज काढून राज्यांना दिले. जून २०२२ ला हमी संपली. कर लावायचा हक्क कायमचा गेला, भरपाई पाच वर्षांची होती.

मी जीएसटीच्या विरोधात नाही. इंदूरच्या सियागंज बाजारातल्या व्यापाऱ्याला विचारा, परराज्यातून माल आणणं किती सोपं झालं ते तो सांगेल. माझं म्हणणं एवढंच की कर लावण्याचा अधिकार हा नेहमी आश्वासनाच्या बदल्यात दिला जातो, आणि आश्वासनाला बजटात ‘जमा’ म्हणून लिहिण्याची आपल्याला सवय लागली आहे. राज्यं दिल्लीविरुद्ध याची तक्रार करतात तेव्हा माझी सहानुभूती त्यांच्या बाजूने असते, पण अर्धीच. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राज्यांनाही दर पाच वर्षांनी आपला वित्त आयोग नेमून शहरांचा वाटा ठरवायला सांगितलं आहे. ते काम राज्यांनी किती वेळेवर आणि किती मनापासून केलं हे बघितलं की दिल्लीला दिलेला दोष भोपाळ, मुंबई, गांधीनगर सगळीकडे परत येतो.

मग वास्तव आकडे कधी लिहिले जातात? माझं उत्तर थोडं कडू आहे: जेव्हा समोर स्वतःचे पैसे घालणारा बसलेला असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेने जलूदच्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठी २४४ कोटींचे हरित रोखे सामान्य लोकांसाठी विक्रीला काढले. नर्मदेचं पाणी जलूदहून उपसून इंदूरपर्यंत चढवायचं म्हणजे विजेचा खर्च अफाट; तो कमी करण्यासाठी हा प्रकल्प. मूळ विक्री १२२ कोटींची होती, तिच्या जवळजवळ सहापट मागणी आली. आमच्या कॉलनीतल्या दोघा पेन्शनरांनीही घेतले. त्यासाठी पालिकेला तपासलेले हिशेब मांडावे लागले, मागच्या वर्षांत प्रत्यक्ष किती वसूल झालं ते दाखवावं लागलं, पतमानांकन घ्यावं लागलं, व्याजासाठी पैसा वेगळ्या खात्यात बांधून ठेवावा लागला. दरवर्षी सभागृहात मांडल्या जाणाऱ्या हजारो कोटींच्या बजटाला यातलं काही लागत नाही. रोखे घेणाऱ्याला जे कागद दाखवले जातात ते घरपट्टी भरणाऱ्यालाही का दाखवू नयेत, हा प्रश्न मी एका ओळखीच्या नगरसेवकाला विचारला. तो म्हणाला, ‘घरपट्टी भरणारा पैसे परत मागत नाही ना.’

उपाय असे फार गूढ नाहीत. चौदाव्या वित्त आयोगाने आणि २०१७ च्या एफआरबीएम (वित्तीय शिस्तीचा कायदा) आढावा समितीने स्वतंत्र वित्तीय परिषदेची शिफारस केली होती. सरकारचे अंदाज सरकारबाहेरच्या कोणी तपासावेत, एवढीच कल्पना. ब्रिटनमध्ये २०१० पासून अंदाज करण्याचं कामच वेगळ्या कार्यालयाकडे दिलं आहे. आपल्याकडे शिफारस फायलीत आहे. उपकर-अधिभार एका मर्यादेपलीकडे गेले की वरचा भाग आपोआप वाटपाच्या राशीत यावा, अशी तरतूद करायला घटनादुरुस्ती लागेल आणि ती केंद्र स्वतःहून करणार नाही. तोवर निदान एक गोष्ट राज्यं आणि शहरं कोणाला न विचारता करू शकतात. बजट भाषणात, नुसत्या जाडजूड पुस्तकांत नव्हे, प्रत्येक मोठ्या आकड्याशेजारी दोन वर्षांपूर्वीचा अंदाज आणि प्रत्यक्ष जमा वाचून दाखवायची. ज्या वर्षाचं ‘प्रत्यक्ष’ हाती येतं ते येईपर्यंत दोन नवी बजटं मांडून झालेली असतात आणि जुनं कोणाला आठवत नाही, म्हणून तर हे सगळं चालतं.

यंदा मंडळाच्या बैठकीत मी तेच सुचवलं. खजिनदाराने तोंड वाकडं केलं, पण पट्टी घेऊन जमेच्या पानावर आणखी एक उभी रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘गेल्या वर्षी प्रत्यक्ष’. ‘इतर देणग्या’च्या ओळीत त्या रकान्यात आकडा इतका छोटा आला की दोन मिनिटं कोणी बोललंच नाही. मग कोणीतरी गायकाचं नाव खोडलं, दुसऱ्या कोणी प्रसादाचे दहा दिवस सात केले, आणि कंत्राटदाराचं नाव लिहायचं की नाही यावर वाद झाला. त्याचं जुनं बिल अजून निघालेलं नाही. शेवटी ते पेन्सिलने लिहिलं.